मेलेल्या राजाला बघायला आलेले पाहुणे

…तर चहावाल्या कादिरवेलनं या भांड्यातून त्या भांड्यात चहा ओतता ओतता सांगून टाकलं, "शडैयप्पन ना? तो आज उजाडल्यावर गेला. देवळापुढं पडलाय. जा, बायका रडतायत अजून."

काल गोष्ट इथवर आली आणि मला जेवायला हाक आली होती. आणि बसमधून उतरलेली ती दोघं, मुलीचा बाप अरंगनादन आणि मुलीची आत्या सेल्लम्मा, हातात केळी, नारळ, विड्याची पानं घेऊन तशीच उभी राहिली होती. नवरामुलगा बघायला आली होती हो! आणि नवरामुलगा म्हणजे हाच शडैयप्पन.

कादिरवेलला दोष देता येत नाही. आमच्या वेप्पमपट्टीत देवीच्या जत्रेला रात्रभर कूत्तु, म्हणजे सोंगांचं नाटक, खेळतात आणि ऊन वर आलं की त्यातला राजा मरतो. देवीचं झाड तोडील त्याचं डोकं उडवा, असा हुकूम त्यानंच काढलेला असतो. शेवटी कळतं, झाड त्याच्याच सिंहासनासाठी तोडलं होतं. मग बिचारा आपली शिक्षा आपणच भोगतो. आता राजा पडला की तो नाटकात मेला, असं आमच्याकडं कोणी म्हणत नाही. तो मेला. पुजारी देवीच्या घागरीतलं पाणी शिंपडीपर्यंत त्यानं डोळा उघडायचा नाही आणि गावानं त्याला जिवंत म्हणायचं नाही. नाहीतर देवी रागावते, विहिरी आटतात.

शडैयप्पन एरवी म्हशी राखून दूध घालणारा साधा गडी. बाईमाणसाशी बोलायचं म्हटलं की मान खाली. पण राजाचं सोंग त्याचंच. पडदा धरणाऱ्या दोघांत मी एक, म्हणून सांगतो. आमच्याकडं राजा एकदम दिसत नाही. आधी पडद्याखालून पावलं दिसतात, मग वरून मुकुटाचा शेंडा, आणि मधला माणूस सगळ्यात शेवटी. शडैयप्पनची नुसती पावलं बघून पुढं बसलेल्या म्हाताऱ्या हात जोडायच्या. लग्नाचं मात्र नाव नको. आसपासच्या गावांतले मुलींचे बाप म्हणायचे, "गाव ज्याच्यावर दरवर्षी रडतं, त्याला मुलगी द्यायची? म्हणजे ती दरवर्षी विधवा!" म्हणून मध्यस्थानं लांबची सोयरीक काढली, कूत्तूबद्दल चकार शब्द काढला नाही, आणि येण्याचा दिवस दिला तो नेमका हाच. पंचांगात दिवस चांगला होता म्हणे! ही मुलगी हातची गेली तर लग्नाचा विषय संपला, असं त्याच्या आईनं आधीच जाहीर केलेलं.

अरंगनादन म्हणाला, "अक्का, परतीची बस धरू."

"मेलेल्याच्या गावात येऊन तोंड फिरवायचं?" सेल्लम्मा म्हणाली. "चार आसवं ढाळू आणि जाऊ. ती केळी तेवढी पिशवीत लपव."

गर्दीतून वाकून बघताना तिलाही आधी दिसली ती पावलंच. अळता लावलेली, घुंगरू बांधलेली, टाचांना भेगा. पुढं सरकली तर लाल रंगवलेलं तोंड, कानापर्यंत मिशा, घोळदार झगा आणि उशाशी लाकडी मुकुट.

"अय्यो," ती मला म्हणाली, "तुमच्यात प्रेताला एवढं नटवतात?"

मी म्हटलं, "राजासारखा गेला हो." खोटं नव्हतं.

ती बायकांत बसली, छाती बडवून घेतली आणि सूर लावला. काय सूर होता! आमच्या गावच्या बायका रडायच्या थांबून ऐकायला लागल्या. तेवढ्यात राजाच्या अंगठ्याला मुंगी डसली आणि अंगठा हलला. सेल्लम्मानं सूर मधेच तोडून शडैयप्पनच्या आईकडं बघितलं. त्या माउलीनं हात जोडले आणि रडण्याच्याच चालीत म्हणाली, "पाणी येऊ दे गं बाई, मग काय ते बघ गं!"

सेल्लम्मा हुशार. काय समजायचं ते समजली, आणि तिचं रडणंच बदललं.

"सोन्या रे, किती जमीन टाकून गेलास रे?"

"दोन एकर गं, विहिरीला पाणी गं!" आई रडली.

"दारू पीत होतास का रे, माझ्या राजा?"

"कधी नाही गं!" सगळ्या बायका एका सुरात.

"पोंगलला थोडी गं!" मागून एक शेजारीण. आईनं सूर न सोडता तिला कोपर मारलं.

"बायकोवर हात उचलला असतास का रे?"

"म्हशीवर नाही उचलला गं!"

अरंगनादन तिच्या कानाशी लागला. "अक्का, मेलेल्याची जमीन कशाला विचारतेस? बस जाईल."

"जाऊ दे रे बस, माझ्या भावा रे!" तिनं त्यालाही रडण्यातच घेतलं.

इकडं पाण्याचा पत्ता नाही. घागरीला पहिला हात कुणाचा, यावरून दोन मानकरी देवळात भांडत होते आणि पुजारी घागर पोटाशी धरून मधे उभा. मुंगी गुडघ्यावरून गळ्यावर आली, गळ्यावरून मिशीत शिरली आणि नाकाकडं निघाली. शिंकला असता तर विहिरीही गेल्या आणि मुलगीही. तेव्हा सेल्लम्मा रडत रडत पुढं वाकली आणि पदराच्या टोकानं मुंगी अलगद झटकून टाकली.

अखेर पुजाऱ्यानं दोघांनाही ढकलून पाणी आणलं आणि शिंपडलं. राजानं गाव हादरेल अशी शिंक दिली आणि उठून बसला. अरंगनादनच्या हातातली पिशवी पडली, केळी देवीपुढं पसरली. तो स्वतःही खाली बसला.

सेल्लम्मानं मात्र डोळे पुसले, नाक पुसलं आणि गावादेखत विचारलं, "मुलगी देते. पण हे दरवर्षी मरणं सोडावं लागेल. सोडशील?"

त्याच्या आईनं डोळ्यांनी खुणावलं, हो म्हण, मेल्या, हो म्हण! शडैयप्पन नेहमीसारखी मान खाली घालून उभा राहिला. तोंडावरचा लाल रंग ओघळत होता, एक मिशी लोंबत होती. ती नीट चिकटवून तो म्हणाला,

"अत्तै, मरणं काही सुटायचं नाही. पण पुढच्या वर्षी तुम्ही जरा लवकर या. एवढं जीव लावून माझ्यावर आजवर कुणी रडलं नाही."