मुहूर्ताची सुई

"काय न्हाय मॅडम, गॅस झालाय. एखादी गोळी द्या," काशिनाथशेठ भोईर म्हणाले.

गॅस झाला होता म्हणे त्यांच्या बायकोला. लताबाई स्टुलावर पुढे वाकून बसल्या होत्या. एक वाक्य पुरं करायला त्यांना दोनदा थांबावं लागत होतं.

मी भिवंडीत जनरल प्रॅक्टिस करते. एमबीबीएसनंतर ॲक्युपंक्चरचं रीतसर शिक्षण घेतलं, त्यामुळे सकाळी ताप-खोकला आणि संध्याकाळी सुया, असा माझा दवाखाना. ही गोष्ट घडली तेव्हा मोबाइल नुकते शेठ लोकांच्या खिशात दिसायला लागले होते.

स्टेथोस्कोप लावला. डावीकडे श्वासाचा आवाज स्वच्छ. उजवीकडे जवळजवळ काहीच नाही. गॅसने असं होत नाही. पदर बाजूला केला तर खांद्याच्या वरच्या भागावर बारीक लाल ठिपके.

"हे काय?"

लताबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

मग कळलं. जवळच्या राहनाळ गावात भोईरांचे गोडाऊनचे गाळे आहेत. त्यातला एक रिकामा होता. पांढरा कोट घातलेले एक गृहस्थ आले आणि दर रविवारी गावासाठी ॲक्युपंक्चरचं शिबिर घेतो म्हणाले. शेठनी गाळा फुकट दिला, नारळ फोडला. मुहूर्ताला घरचं माणूस पुढे करायचं, ही रीत. लताबाईंची मान जुनी दुखत होती. पहिली सुई त्यांना.

"सुया कशातून काढल्या त्याने?"

"स्टीलच्या डब्यातून," लताबाई म्हणाल्या. "सगळ्यांना त्याच डब्यातून."

"दुखलं नाही?"

"छातीत कळ आली ना. पण एवढी मानसं बसलेली. शेठची बायको पहिल्याच सुईला वराडली, असं झालं असतं."

आपल्या फुफ्फुसाचं टोक गळ्याच्या हाडाच्याही वर येतं, हे बहुतेकांना माहीत नसतं. खांद्यावर सरळ खाली, खोल सुई घातली तर ती फुफ्फुसापर्यंत पोचू शकते. मग त्या बारीक भोकातून हवा बाहेर येते, फुफ्फुस आणि बरगड्यांच्या मध्ये साठते आणि फुफ्फुस आकसतं. याला आम्ही न्यूमोथोरॅक्स म्हणतो. वेळेवर लक्षात आला नाही तर माणूस जाऊ शकतो. लताबाई आदल्या दिवसापासून गॅसच्या गोळ्या खात होत्या. मला संताप आला, पण संतापायला वेळ नव्हता. त्यांना गाडीत बसवलं आणि मीही सोबत गेले.

हॉस्पिटलमध्ये एक्स-रे झाला. उजवं फुफ्फुस निम्म्याहून जास्त आकसलेलं. सर्जननी बरगड्यांमधून नळी घातली, तिचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत. बाटलीत बुडबुडे आले आणि लताबाईंचा श्वास मोकळा झाला.

आता कुठे मी शेठकडे वळले. ते पलंगाच्या पायथ्याशी उभे होते.

"शिबिर बंद करा."

"मॅडम, मी शब्द दिलाय. गावात तोंड काय दाखवू? आन् तो बोलतो, हिची तब्येतच नाजूक हाय."

"गाळा भाड्याने देताना तुम्ही काय काय मागता?"

"फोटो, ओळखपत्र, आधीच्या मालकाचा फोन नंबर. पोलीस स्टेशनला नोंद."

"आणि याच्याकडून काय घेतलंत?"

"तो काय भाडेकरू हाय? सेवा करायला आलेला."

यावर मी चार शब्द तापून बोलणार होते. त्याआधी पलंगावरून हात पुढे आला.

"चावी द्या," लताबाई म्हणाल्या.

"कसली?"

"गाळ्याची. मुहूर्त माझ्या खांद्यावर झाला ना? मंग कुलूप पण मीच लावते."

शेठनी खिशातून चावी काढून दिली. नळी निघेपर्यंत ती उशीखाली होती. रविवारी कोटवाला आला, बंद शटर बघून गेला, तो गेलाच. शेठनी पोलिसांत तक्रार दिली. मुहूर्ताच्या दिवशी सुया टोचून घेतलेल्यांना ते घरोघर जाऊन माझ्याकडे घेऊन आले. एकाच्या सुया दुसऱ्याला म्हणजे कावीळ आणि एचआयव्हीची भीती. तपासणी एकदा करून भागत नाही, काही महिन्यांनी पुन्हा करावी लागते. सुदैवाने सगळे सुटले.

लताबाईंचं फुफ्फुस भरून आलं. मान मात्र तशीच राहिली. औषधं झाली, व्यायाम झाला. एका संध्याकाळी त्या स्वतःहून आल्या, शेठना घेऊन.

"मॅडम, तुमी पण सुया लावता ना? पैले कागद दाखवा."

माझ्या कपाळावर आठी आली. एवढं धावले, आणि वर कागद? मग लाज वाटली आणि बरंही वाटलं. रजिस्ट्रेशन, कोर्सचं सर्टिफिकेट, सगळं टेबलावर ठेवलं. शेठनी गाळ्याचं ॲग्रीमेंट वाचावं तसं वाचलं.

सीलबंद पाकीट मी त्यांच्यासमोर फोडलं. या सुया एकदाच वापरायच्या, मग फेकायच्या. पहिल्या दिवशी फक्त हाताला आणि पायाला लावल्या. लताबाईंनी श्वास रोखून धरला होता. तो सुटेपर्यंत मी हात लावला नाही. पुढे कितीतरी बैठकांत त्या खांद्याला हात लावू देत नव्हत्या, मीही विषय काढला नाही. मान हळूहळू वळायला लागली. दुखणं पूर्ण गेलं नाही, पण झोप लागू लागली.

मग एकदा त्या म्हणाल्या, "आज खांद्याला लावा." मी तिरप्या, अगदी वरवर लावल्या. पालथ्या झोपल्या झोपल्या त्यांनी बातमी दिली. चुंबकाचे पट्टे विकणारा एकजण त्याच गाळ्यासाठी शेठकडे आला होता.

"मग?"

"हे बोलले, कागद आणा. आन् मुहूर्ताला पैली तुमची बायको बसवा."

"आला परत?"

"न्हाय ना."

त्या हसायला लागल्या आणि सुया हलायला लागल्या. मला दटावावं लागलं.

डॉक्टरची पात्रता तपासायची ही पद्धत कुठल्याही नियमावलीत नाही. पण मला अजून तिच्यात खोट सापडलेली नाही.