धाकट्याचे टायर

टायरचं लेबल वाचायला मी व्हिडिओ बघून शिकलो आणि कशेळीच्या दुकानदाराचं डोकं खाल्लं. साइज बघितली, वजनाचा आकडा बघितला, पेट्रोल वाचवण्याचे तारे बघितले. मग टायरच्या कडेला उमटवलेले चार आकडे शोधले. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. एक जोडी गेल्या वर्षीची निघाली, ती परत आत पाठवली. रबर नुसतं पडूनही कडक होतं, हे वर त्यालाच ऐकवलं. स्वभावच तसा आहे माझा, कोणी फसवलेलं खपत नाही.

उतरवलेले टायर गाडीत कोंबले आणि अंजूरला धाकट्या भावाकडे टाकून आलो. मोठ्याचं जुनं धाकट्याला, ही आमच्या घरातली रीतच. माझे शर्ट गेले, सायकल गेली. त्यानं गाडीसुद्धा माझ्याच मॉडेलची घेतली, का, तर उद्या टायर बसतील. माझी गाडी घर ते शाळा एवढीच फिरते, त्यामुळे नक्षी चांगली शिल्लक होती. देताना मला अगदी दानशूर वाटत होतं.

रविवारी गाडी धुताना नव्या टायरवरची तारीख कौतुकानं पुन्हा वाचली आणि हात थांबला. जुन्यांवरची मी वाचलीच नव्हती. ते गाडीबरोबर आलेले. तेव्हा माझी मुलगी बालवाडीत होती, आता आठवीत आहे.

भावाला फोन लावला, त्यानं उचलला नाही. तसाच निघालो. अंगणात त्याची गाडी उभी होती, माझे टायर चढवलेली. मागच्या सीटवर त्याच्या दोन्ही मुली नटून बसलेल्या.

"बरा आलास दादा! पोरींना पडघ्याला नेतोय, मामाकडं. हायवेला आता कायच भीती न्हाय, तुझे टायर हायत."

"हे घालून जाऊ नकोस. जुने झालेत, फुटतील."

"न्हाय रे, नक्षी बघ की."

मी खाली बसून त्याला आकडे दाखवले, कसे वाचायचे ते सांगितलं. तोही शेजारी बसला, बोट ठेवून वाचले.

"नवे घेतानी तू हे बघितलंस?"

"बघितलं."

लाजेनं माझी मान वर होईना. मला गेल्या वर्षीचेसुद्धा चालले नव्हते.

तो उठला, मागचं दार उघडलं आणि दोघी पोरींना खाली उतरवलं.