सुतकातले घोडे

तेइजिरो गेला ऑक्टोबरात, आणि त्याचे घोडे सापडले नोव्हेंबर सरताना, कोबीच्या लोणच्याच्या दगडाखाली.

झालं असं, की गारठा पडला तसा ओगावातल्या घराघरांत कोबी खारवायला सुरुवात झाली. इसोकोनेही केली. करायची म्हणून केली. नवरा गेल्यापासून ती सगळंच करायची म्हणून करत होती. अंत्यविधीला आलेल्या बायका तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या, आता रडेल, मग रडेल. हिने सगळ्यांना चहा दिला आणि कपबशा विसळल्या. आत कुठे काही हललंच नाही. मिठाच्या बर्फगार पाण्यात कोपरापर्यंत हात घातले, तरी तिला ते पाणी गार लागलं नव्हतं.

तर त्या दिवशी लोणच्यावर ठेवायचा दगड आणायला ती मागच्या खोलीत गेली. दगड कोपऱ्यात एका फळीवर होता. तिने तो उचलला, फळी सरकवली, खाली जुन्या वर्तमानपत्रांची चवड. पानं उलगडली, तर आत घोडे. लाल, तपकिरी, काळे. एकेका चौकोनी कागदाचे, नुसत्या घड्यांचे, चौखूर उधळलेले आणि दगडाखाली दाबून दाबून पानासारखे चपटे झालेले.

नववर्षाची शुभेच्छाकार्डं, हे त्या दोघांचं दर वर्षीचं काम. तिथे बारा प्राणी ठरलेले, दर वर्ष पाळीने एकेकाचं. येणाऱ्या वर्षाचा जो प्राणी असेल तो तेइजिरो उन्हाळ्यातच घडी घालून तयार करायचा. बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात त्याची हयात गेली. घरी आला की बधिर झालेली बोटं जागी करायला कागद घेऊन बसायचा. पुढे निवृत्त झाला तरी कागद सुटला नाही. फुगीर घडी पोस्टाच्या यंत्रात अडकते, म्हणून सगळे प्राणी लोणच्याच्या दगडाखाली. डिसेंबर उजाडला की इसोको ठशांसाठी बटाटे कापायची. एका बटाट्यावर सूर्य कोरायचा, दुसऱ्यावर पाइनची फांदी. कार्डावर आधी फिका रंग उठवायचा, तो सुकला की गडद, मग कुंचल्याने बारीकसारीक, आणि सगळ्यात शेवटी तेइजिरोचा प्राणी डिंकाने चिकटवायचा. एक जानेवारीला सकाळी गावात घरोघर ती कार्डं पोचायची. माणसं दारातच उभी राहून म्हणायची, "यंदाचा कोंबडा बघितलास?"

पण ज्या घरात माणूस गेलं, त्या घराने वर्षभर कुणाला शुभेच्छा द्यायच्या नाहीत, घ्यायच्याही नाहीत. तेइजिरोची थोरली बहीण तामाए गल्लीच्या टोकाला राहायची. तिने करड्या कडेची कार्डं छापून आणली होती: 'आमच्याकडे सुतक आहे, यंदा नववर्षाचा पत्रव्यवहार नाही.' इसोकोने पत्ते लिहिले आणि ती पोस्टात टाकून आली. तेव्हाही काही वाटलं नाही.

घोड्यांपाशी मात्र ती उभी राहिली. पुढलं वर्ष घोड्याचं. त्यानंतर मेंढीचं, मग माकडाचं. घोडा परत यायला बारा वर्षं. तेव्हा ती पंच्याऐंशीची असणार, असली तर.

इसोकोने घोडे एका डब्यात भरून ठेवले. तामाएने तो डबा बघितला आणि निकाल दिला. "देवळाच्या होळीत टाकायचे. पंधरा जानेवारीला सगळं जळतं तिथे, तोरणं, माळा, सगळं. रीतसर होईल. काय?"

"बरं, वन्सं."

"बरं काय बरं! तुला चालणार आहे का, ते विचारतेय मी."

"चालेल."

"बाई गं, तुझ्याशी बोलणं म्हणजे विहिरीत दगड टाकणं. तोही आवाज न होणारा."

गावच्या सभागृहात शनिवारी इसोकोचा कार्डांचा वर्ग असे. सुतकात शिकवायला मनाई नव्हती. त्या शनिवारी ती घोड्यांचा डबा घेऊन गेली. तिच्या घरातून कार्डं जाऊ शकत नव्हती; पण या लोकांची तर जाणार होती. तिने डबा टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "हे यांनी केलेले. तुमच्या कार्डांवर चिकटवा. हवे तितके घ्या."

बटाटे कोरणाऱ्या सुऱ्या थांबल्या. तांदळाच्या कुरकुरीत चकत्या विकणाऱ्या दुकानाच्या मालकीणबाई नोमियामा सगळ्यांत आधी सावरल्या. त्यांनी डबा दोन्ही हातांनी उचलला, कपाळाजवळ नेला.

"अहाहा! काय हात होता हो! बाई, इतकी सुंदर वस्तू आमच्या वेड्यावाकड्या ठशांशेजारी? छे छे, वाया जाईल. आम्हाला नाही ती योग्यता."

आणि डबा शेजारणीकडे सरकला. तीही म्हणाली, छे, योग्यता नाही. डबा टेबलाभोवती फिरला. प्रत्येकाने आत डोकावून मनापासून कौतुक केलं, प्रत्येकाने पुढे सरकवला. म्हाताऱ्या कुवाबाराने तर डोळेच मिटून घेतले आणि बोटाच्या टोकाने तो ढकलला. प्रदक्षिणा पुरी करून डबा इसोकोसमोर आला. एकही घोडा कमी झाला नव्हता. मेलेल्या माणसाच्या हातचं शुभकार्डावर नको, असं कुणी म्हटलं नाही. या गावात असलं काही म्हणत नाहीत, स्तुती करतात.

"बरं," इसोको म्हणाली. "बटाटा कापल्यावर आधी कागदाने टिपायचा. पाणी राहिलं तर रंग पसरतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्या स्वयंपाकघराचं मागचं दार वाजलं. दारात कुवाबारा. एका हातात कोऱ्या कार्डांचा गठ्ठा, कोटाच्या दोन्ही खिशांत बटाटे. हा एके काळी बंदरावर मासळीचा लिलाव पुकारायचा. आवाज अजून तसाच, खालच्या पट्टीत बोलला तरी शेजारच्या गल्लीत जावा असा.

"बाई, मी आत येऊ, की बाहेरूनच माफी मागू?"

"थंडी आहे. आत या."

तो बसला. टोपी काढली, परत घातली, परत काढली.

"काल मी डबा पुढे ढकलला. का ढकलला माहितीये? शेजारच्याने ढकलला म्हणून! जन्मभर मी लोकांना ओरडून सांगत आलो, दुसऱ्याची बोली बघू नका, मासा बघा. आणि काल मी स्वतः... जाऊ दे. मला घोडे द्या."

"किती?"

"कार्डं आहेत तितके. म्हणजे, आहेत तितके सगळे. तेइजिरोने फोडलेल्या बर्फावर माझी मासळी टिकली बाई, त्याच्या घोड्याने मला काय होणारेय? नाव माझं, घोडा त्याचा. फक्त एक अडचण आहे." त्याने उजवा हात पुढे केला. हात थरथरत होता. "मागच्या साली मी सूर्य उठवला. नातीने विचारलं, आजोबा, ह्या अंड्याला कुणी मारलं?"

इसोको हसली नाही. पण तिने वर्तमानपत्राची घडी करून टेबलावर अंथरली, म्हणजे ठसा दाबताना खाली गादी राहते. त्याचे बटाटे घेतले, दोन फाकी केल्या. एकीवर सूर्य कोरला, दुसरीवर फांदी. कोरलेला बटाटा उद्यापर्यंत सुरकुततो, तेव्हा काम एका बैठकीतच उरकायला हवं. लाल रंग कालवताना तिचा हात क्षणभर थांबला. सुतकाच्या घरात लाल रंग.

"शिकवायला मनाई नाही," ती स्वतःशीच म्हणाल्यासारखी म्हणाली. "मनगट द्या तुमचं."

तिने त्याचं मनगट धरलं. त्याच्या मुठीत बटाटा, तिच्या मुठीत त्याचं मनगट. टेकवा, दाबा, सरळ वर. पहिला सूर्य गोल उठला.

"अरे! हा तर कुठे पडलेला नाही, मार खाल्लेला नाही!"

"बोलू नका. हात हलतो."

सूर्य सुकले, त्यावर हिरव्या फांद्या पडल्या, घोडे चिकटू लागले. तो डिंक लावायचा, ती घोडा ठेवून बोटाने दाबायची. आणि अशात पुढचं दार सरकलं. तामाए आज डबा न्यायला यायची होती, हे इसोको विसरलीच होती.

तामाए स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी राहिली. तिने टेबल बघितलं, ओळीने मांडलेले लाल सूर्य बघितले, भावजयीची लाल बोटं बघितली, आणि कुवाबाराकडे असं बघितलं की त्याने टोपी घातली.

"इसोको. अजून वर्षश्राद्ध व्हायचंय."

"हो."

"आणि तू लाल रंगात हात बुडवून बसलीस. परक्या पुरुषाचा हात धरून!"

"माझा फक्त मनगटापर्यंत धरलाय," कुवाबारा पुटपुटला.

"तू गप रे! लिलाव संपला तुझा!" तामाए पुन्हा भावजयीकडे वळली. "लोक काय म्हणतील, विचार केलास?"

इसोकोने डबा तिच्याकडे सरकवला. तळाला थोडे घोडे उरले होते. तिच्या आवाजात ना चढ होता ना उतार.

"वन्सं, तुम्ही म्हणाल तर उरलेले न्या. जाळा. पुढचा घोडा येईल तेव्हा मी पंच्याऐंशीची असेन, तुम्ही नव्वदीच्या पुढे. आणि यांनी मला घडी कधी शिकवली नाही. मी एक उकलून बघितला. परत घालता आली नाही."

तिने दिव्याच्या खालून एक चौकोनी लाल कागद काढून ठेवला. त्यावर आडव्यातिडव्या रेघांचं जाळं होतं, बाकी काही नाही.

तामाएने तो कागद हातात घेतला. बराच वेळ बघितला. तो खाली ठेवून तिने डब्यातला एक घोडा चिमटीत धरला.

"कान अजून वाकडेच करायचा," ती म्हणाली. "शाळेतसुद्धा याच्या सशांचे कान वाकडे. मी रागवायची."

तिने घोडा परत ठेवला. मग कोपऱ्यातली खुर्ची ओढली, टेबलाकडे पाठ आणि भिंतीकडे तोंड करून बसली, आणि म्हणाली, "मी काही बघितलेलं नाही. चहा दे. आणि त्या माणसाला सांग, हळू आवाजात चिकटव म्हणावं."

उरलेलं काम कुजबुजत झालं. तामाए भिंतीकडे बघत चहा प्यायली, वरचेवर कप मागे धरून आणखी मागत राहिली. अंधार पडायच्या आत शेवटचा घोडा कार्डावर गेला. कुवाबाराने गठ्ठा कोटाच्या आत, पोटाशी धरला, भिंतीकडे तोंड केलेल्या पाठीलाही वाकून नमस्कार केला, आणि निघाला.

"मागच्या दाराने," भिंत म्हणाली.

दार लागलं.

"गेला?"

"गेला."

"उरले किती?"

"एकही नाही."

तामाए वळली. टेबलावर रिकामा डबा, रंगाच्या वाट्या आणि कडा सुरकुतू लागलेले अर्धे बटाटे, लाल आणि हिरवे.

"मग होळीत काय टाकू मी? देवळात नाव सांगून ठेवलंय."

इसोकोने इकडेतिकडे बघितलं.

"बटाटे न्या," ती म्हणाली.

"पंधरा तारखेपर्यंत सडतील."

"सडू देत."

तामाएने तिच्या तोंडाकडे निरखून बघितलं. तिथे हसू नव्हतं, रडूही नव्हतं. नुसती दमलेली बाई होती. मग तिने डोक्याचा रुमाल सोडला, टेबलावर पसरला, आणि ते बटाटे एकेक करून त्यात ठेवायला लागली, ठशाची बाजू वर करून.