नव्वद नंबरचा नुस्खा

"उस्ताद, हे तेल हाय का काकवी?"

बसलिंगअप्पांनी इंजिनातली डिपस्टिक, म्हणजे तेल किती आहे ते बघायची पट्टी, ओढून काढली होती. तिच्या टोकाचं तेल अंगठा आणि बोटात धरून ते तार काढून बघत होते. लातुरात त्यांची करडईच्या तेलाची मिल. सगळं आयुष्य तेलात गेलेलं. पण ते खायचं तेल आणि हे इंजिनाचं, असं मी मनात म्हणालो, आणि तोंडानं म्हणालो, "अप्पा, ऊन बघा की. पातळ तेलाचं पाणी होऊन जाईल."

"गाडीच्या पुस्तकात काय लिहिलंय?"

"ते पुस्तक विलायतेत लिहिलंय. त्यांना लातूरचं ऊन काय माहीत?"

अप्पांनी पट्टी पुसून परत खोचली. मला वाटलं, पटलं त्यांना.

गाडी त्यांच्या मुलाची, राजशेखरची. लाल, दोन दारांची, परदेशी. मुंबईत कुणाकडून तरी त्यानं हट्टानं घेतलेली. आपल्याकडच्या मोटारींचं इंजिन मिनिटाला चार हजार फेऱ्यांवर गेलं की रडायला लागायचं. हे सात हजारांवर गात होतं. नांदेडहून हैदराबादपर्यंत मोटारींची एक शर्यत निघणार होती आणि राजशेखरनं त्यात नाव दिलं होतं. अप्पांची अट एकच. शर्यत पुरी करून आलास तर गाडी तुझी. नाहीतर गाडी विकायची आणि मिलवर बसायचं. चोवीस वर्षांचा पोरगा सगळं पणाला लावून बसला होता, आणि इंजिन माझ्या हाती सोपवून निवांत होता.

एवढा विश्वास माझ्यावर का, ते सांगतो. लातूर तेव्हा नुकतंच उस्मानाबादेतून फुटून जिल्हा झालं होतं. नवीन ऑफिसं, नवीन बोर्ड, नवीन साहेब. पाऊस मात्र जुन्या जिल्ह्यात नव्हता तसा नव्यातही नव्हता. गावोगाव टँकर चालू होते. टँकर म्हणजे भंगारात जायच्या वयाचे ट्रक, पाठीवर टाकी चढवलेले. ते सगळे नांदेड रोडवरच्या माझ्या गॅरेजला यायचे.

आता थोडं तेलाबद्दल. डब्यावर नंबर असतो. नंबर जितका मोठा, तितकं तेल जाड. इंजिनात लोखंड लोखंडावर घासू नये म्हणून मधल्या फटीत तेलाचा थर लागतो. जुन्या इंजिनाच्या फटी झिजून रुंद होतात. पातळ तेल त्यातून वाहून जातं, मग इंजिन खडखडतं. अशा म्हाताऱ्या इंजिनांसाठी माझा एक नुस्खा होता. चाळीस नंबरच्या तेलात अर्धा लिटर नव्वद नंबरचं गिअर ऑइल मिसळायचं. गिअर ऑइल असतं गिअरबॉक्ससाठी, पण खडखड लगेच थांबायची. डॅशबोर्डवर ऑइल प्रेशरची सुई असते, ती टुणकन वर यायची. ड्रायव्हर म्हणायचे, "उस्तादनं जान टाकली." दोन उन्हाळे मी हेच केलं आणि स्वतःला इंजिनांचा वैद्य समजू लागलो. माझ्याकडे काढा एकच होता. ताप असो की हगवण, तोच.

राजशेखरच्या गाडीला मी तोच पाजला. त्या इंजिनाच्या फटी केसाहून बारीक, आणि मी तिथे काकवी ओतली. पुस्तकात लिहिलेलं 20W-50 हे तेल लातुरात मिळत होतं, कोपऱ्यावरच्या दुकानात. ते थंड असताना वीस नंबरासारखं पातळ राहतं आणि तापल्यावर पन्नास नंबराइतकं जाड. म्हणजे इंजिन सुरू करताच सगळीकडे पोचतं आणि उन्हातही टिकतं. विलायतेतल्या लोकांना लातूरचं ऊन चांगलंच माहीत होतं. मी पुस्तक उघडलं असतं तर मलाही कळलं असतं.

निघायच्या दिवशी सकाळी अप्पा मुलाला सोडायला गॅरेजवर आले. गाडी सुरू केली. वरच्या बाजूनं टकटक आवाज आला. तेल अजून तिथवर चढलं नव्हतं. अप्पांनी कान दिला.

"वरी तेल जाऊन राहिलं न्हाई, उस्ताद."

"थंड आहे अजून. सुई बघा, अप्पा." मी राजशेखरला म्हणालो, "दाबा अॅक्सिलरेटर, दाखवा अप्पांना."

त्यानं दाबला. सुई शेवटच्या आकड्याला जाऊन टेकली. मी अप्पांकडे असं बघितलं, जणू सुई मी स्वतः बनवली होती. वास्तविक प्रेशर एवढं चढतं तेव्हा तेल पुढे जात नसतं, अडलेलं असतं. हे मला तेव्हा कळत नव्हतं असंही नाही. विसरलो होतो. कौतुकानं माणूस बरंच विसरतो.

तेवढ्या जोरानं तेलाच्या फिल्टरचं रबर सरकलं. ते मला दिसलं नाही. तपासणीला नांदेडात अकराला पोचायचं होतं. मी शेजारी बसलो, कारण वाटेत लोकांनी गाडी बघावी आणि गाडीत मी दिसावा असं मला वाटत होतं. अहमदपूरपर्यंत आम्ही उडत गेलो. मागे रस्त्यावर तेलाची बारीक धार पडत होती.

अहमदपूरच्या पुढे सुई खाली यायला लागली.

"उस्ताद, सुई पडून राहिली," राजशेखर म्हणाला. "थांबू का?"

मी काचेवर टिचकी मारली. "मीटर लटकलाय. चालू द्या."

सकाळी सुई वर गेली तेव्हा ती खरी होती. आता खाली आली तर मीटर खराब. राजशेखरनं माझं ऐकलं. अर्ध्या मिनिटानं इंजिनाच्या पोटात हातोडा बसल्यासारखा आवाज झाला, आणि गाडी माळावर उभी राहिली. दोन्ही बाजूंना करपलेली ज्वारी. खाली वाकून बघितलं तर फिल्टर तेलानं माखलेला आणि इंजिन कोरडं.

राजशेखर घड्याळ बघत होता. मी वाकलेलाच राहिलो. मला लाज वाटत होती.

तासाभरानं एक टँकर आला. गफूरभाईचा. त्याच्या इंजिनात माझाच नुस्खा होता आणि ते मजेत चाललं होतं. गफूरभाईनं लाल गाडीकडे बघितलं, माझ्या काळ्या हातांकडे बघितलं.

"काय टाकलं होतं, उस्ताद?"

"तुमच्यात टाकतो तेच."

"मग ही का बसली?"

मी म्हणालो, "हात धुवायला थोडं पाणी द्या."

"पाणी गावचं हाय. हाताला न्हाई," असं म्हणून त्यानं दोर काढला.

लाल गाडी टँकरमागे बांधून आम्ही अहमदपुरात शिरलो. सकाळी लोकांनी मला बघावं असं वाटत होतं. सगळ्यांनी बघितलं.

बेअरिंगं जळाली होती, क्रँकशाफ्टला चरे पडले होते. क्रँकशाफ्ट म्हणजे इंजिनाचा कणाच. हैदराबादेत तो घासून आणला, बेअरिंगं मिळवायला चार महिने लागले. सगळं काम मी माझ्या खर्चानं केलं. गाडी पुन्हा सात हजारांवर गायला लागली. अप्पांनी तिच्यात बसूनही बघितलं नाही. शब्द दिला होता, त्यांनी गाडी विकली. मी त्यांच्या घरी माफी मागायला गेलो. अप्पा म्हणाले, "माझ्यापाशी कशाला? त्याच्यापाशी जा."

राजशेखर मिलवर घाण्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसला होता. मी माफी मागितली. तो म्हणाला, "मीच थांबाया पायजे होतं. सुई मलाबी दिसत होती." हे ऐकून मला जास्त वाईट वाटलं. माझ्या शब्दापायी त्यानं स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवला नव्हता. नंतर तो कुठल्याच शर्यतीत उतरला नाही. आज मी निवृत्तीला आलोय, पण ती गोष्ट आठवली की अजून लाज वाटते.

पुढे मिल त्याच्याकडे आली. चार ट्रक आले, एक मोटार आली. सगळ्या गाड्या तो माझ्याकडेच आणतो. मध्ये शहरात मोठमोठी सर्व्हिस सेंटरं निघाली, तरी माझ्याकडेच. एकदा न राहवून मी विचारलंच, "एवढं होऊनही माझ्याकडं का येता?"

"तुमची चूक होऊन गेली, उस्ताद," तो म्हणाला. "दुसऱ्याची अजून व्हायची असंल."

मी मान हलवली आणि त्याच्या गाडीचं बॉनेट उघडलं.