मशीनच्या कपाळावरची विभूती

शुक्रवार पेठेत चनबसप्पांना अजूनही 'कम्पॅटिबल अण्णा' म्हणतात. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला परदेशी कंपनीचा कॉम्प्युटर घ्यायची ऐपत सोलापुरात कितीजणांची? चनबसप्पा मुंबईहून सुटे भाग आणायचे. मदरबोर्ड चादरीत गुंडाळून एसटीत तान्ह्या पोरासारखा मांडीवर धरायचा, आणि घरी बसून मशीन जुळवायचं. गिऱ्हाईक नाक मुरडायचं, "ओरिजनल हाय का?" अण्णा घसा खाकरून हेडमास्तरच्या थाटात सांगायचे, "कम्पॅटिबल हाय! तेच्यावर जे चालतं, ते समदं हेच्यावर चालतं की!"

चालायचंही. मग एकेक करत सगळी मशिनं भंगारात गेली. जिवंत राहिलं एकच, महेश्वर या जुन्या गिऱ्हाइकाच्या चादरीच्या कारखान्यात. मागाला नक्षी कळावी म्हणून पुठ्ठ्यांना भोकं पाडणारं यंत्र त्याला जोडलेलं. हार्ड डिस्क कधीच गेलेली, नक्षी सगळी जुन्या लवलवत्या फ्लॉप्यांवर. दर खंडेनवमीला, अवजारांच्या पूजेच्या दिवशी, अण्णा जायचे, फ्लॉपीच्या फटीच्या वरच, मशीनच्या कपाळावर, तीन बोटांनी विभूती ओढायचे आणि चालू करून कान लावायचे. टुक्! एकच शिट्टी. म्हणजे सगळं ठीक. अण्णांचा चेहरा नातू पास झाल्यासारखा व्हायचा.

यंदाही त्यांनी मशीनला, मागाला, यंत्राला, महेश्वरच्या नव्या लॅपटॉपलाही विभूती लावली. मशीन टुक् म्हणालं. महेश्वरनं मोराच्या नक्षीची फ्लॉपी घातली. घर्रर्र... टक्. घर्रर्र... खर्रर्र!

"अण्णा, गेली हो!" महेश्वर ओरडला. "दिवाळीआधी मोराच्या चादरी द्यायच्यात. नव्यानं काढायचं म्हटलं तर महिना जाईल. दुसरी कॉपी तुमच्याकडं हाय न्हवं?"

"हाय की."

"आणा मग. आणि अण्णा, राग मानू नका, आज मोर आला नाही तर हे डबडं भंगारात."

डबडं! अण्णा तडक घरी गेले. कपाटातून काढलेली फ्लॉपी त्यांनी तीनदा उजेडात धरून पाहिली. रत्नम्मा, त्यांची बायको, ताट वाढून उभी.

"री, ऊटा माडरी! जेवा की अगोदर!"

"मोर आल्यावर."

"लेकीच्या लग्नात बी एवडं घाबरला न्हवता!"

ते परत आले तेव्हा महेश्वरनं फ्लॉपीसाठी हात पुढं केला. अण्णांनी ती छातीशी धरली. "थांब! आधी पोट उघडून बघू दे. आतच काय घाण असंल तर ही बी खरवडून निघंल."

स्क्रू निघाले. फ्लॉपी वाचणाऱ्या डोक्याभोवती राखाडी थर बसला होता. अण्णांनी बोटावर घेतला, चोळला, नाकाशी नेला. वास ओळखीचा होता. रोज सकाळी स्वतःच्या कपाळावरचा.

"कापसाची धूळ," महेश्वर वाकून म्हणाला. "कारखाना म्हटल्यावर असणारच. तुमच्या मशीनचा काय दोष?"

अण्णांनी स्पिरिटच्या बोळ्यानं डोकं पुसलं, पुन्हा पुसलं. आधी एक टाकाऊ फ्लॉपी घालून बघितली, वाचली. मग मोर. घर्रर्र... घर्रर्र... पडद्यावर पाय आले. पिसारा आला, अंग आलं. "आला, आला!" महेश्वरनं टाळी वाजवली.

टक्.

मोर मानेपाशी थांबला. खाली इंग्रजीत मशीनचा प्रश्न: सोडून देऊ, परत बघू, की नापास? अण्णांनी 'परत बघू'चं बटण दाबलं. खर्रर्र, टक्. पुन्हा दाबलं. मोर बिनमुंडक्याचाच.

"राहू द्या, अण्णा." महेश्वरचा आवाज आता मऊ झाला होता. "जुनी वस्तू. धुळीनं खाल्ली."

"कापूस न्हाय त्यो," अण्णा पडद्याकडंच बघत म्हणाले. "इबूती हाय. माजी. दर साली वरनं आत सांडली आसंल. पहिल्या फ्लॉपीला तिनंच खाल्लं. हिला काय झालंय मला ठावं न्हाय, पर माजं मशीन बिचारं दर साली टुक् म्हणत हुतं, आन् मी त्याच्या तोंडात राख घालत हुतो."

"आता... देवाचंच ते, अण्णा," महेश्वर पुटपुटला. मग मागं सरकला, खांद्यावरचा पंचा काढला आणि अण्णांना दिसू नये अशा बेतानं लॅपटॉपवरचे विभूतीचे तीन पट्टे पुसायला लागला.

अण्णांना दिसलं. त्यांनी 'परत बघू' दाबलं.