भाऊंच्या खोलीतलं ऑक्सिजनचं मशीन

आमच्या लालबागच्या चाळीत संध्याकाळी गॅलरीतल्या बाकड्यावर बसायची जुनी सवय. संपाआधी दहा-बारा जण असायचो, जागेवरून भांडणं व्हायची. आता बाकडं रिकामंच असतं. माणसं गेली, पण किस्से काही जाईनात. गेलेल्यांचेही आम्हीच सांगतो, दुसरं कोण सांगणार! त्यातले हे भाऊंच्या मशीनचे.

भाऊ आमच्या मिलच्या साचेखात्यात जॉबर होते. साचे, म्हणजे लूम, चालते ठेवायची जबाबदारी त्यांची. मला आणि गंगारामला त्यांनीच कामाला चिकटवलं. मग संप झाला, मिल गेली आणि भाऊंच्या छातीत कापसाची धूळ तेवढी राहिली. वर जन्मभर बिडी. शेवटी डॉक्टर म्हणाले, ऑक्सिजनशिवाय भागायचं नाही.

भाऊंनी हातच जोडले. "वॉर्डात नको, डॉक्टर. जायचं तर माझ्या खोलीतून जाईन."

"मशीन घरी लावू. पण नीट सांभाळलं तरच. घोळ झाला की वॉर्ड!"

झालं. भाऊंना वॉर्डापासून लांब ठेवायची ड्युटी तेव्हापासून आमची.

*

मशीन बसवायला आलेला मेकॅनिक खोली बघूनच गार पडला. दहा बाय बारा.

"हे भिंतीला चिकटवायचं नाही, त्याला हवा लागते. आणि जवळपास ज्योत नको. गॅस नाही, निरांजन नाही, उदबत्ती नाही. ऑक्सिजन असला की आग भडकायला वेळ लागत नाही."

वहिनींनी एकदा गॅसकडे बघितलं, एकदा देव्हाऱ्याकडे, एकदा खाटेवरच्या नवऱ्याकडे. म्हणाल्या, "आता देवांका खंय धाडू आणि ह्यांका खंय धाडू?"

शेवटी गॅस माझ्या खोलीत आला आणि देव गेले गंगारामकडे. गंगाराम साताऱ्याकडचा, बायको वारलेली, एकटा. रविवारी मटणाशिवाय त्याचं पान हलत नसे. महिनाभर त्याने कळ काढली, मग एक दिवस दारात येऊन उभा राहिला.

"वहिनी, तुमच्या देवांनी मला माळकरी केला की हो!"

*

पंधराएक दिवसांनी दुपारी मी सहज डोकावलो, तर भाऊ खाली बसलेले. नाकात नळी, एका हातात स्क्रू-ड्रायव्हर, दुसऱ्यात शिलाई मशीनच्या तेलाची बाटली!

"भाऊ, काय करताय!"

"आवाज बदललाय रे. कोरडं चाललंय. तेल मागतंय."

मी बाटली हिसकावलीच. ऑक्सिजनजवळ तेल, ग्रीस काही आणायचं नाही, नाकाला व्हॅसलीनसुद्धा लावायचं नाही, असं मेकॅनिकने दहादा बजावलं होतं. भाऊ भडकले. "अख्खं खातं मी कानाने चालवलंय. तू मला शिकवणार?"

मेकॅनिकला बोलावलं. त्याने मागची जाळी काढली, तर धुळीने गच्च भरलेली. धुऊन, वाळवून परत बसवली. म्हणाला, "आवाज बदलला होता खरा. काकांचा कान बरोबर, उपाय चुकला!"

भाऊ दोन दिवस खूश होते. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी त्यांचा कान बरोबर आहे म्हणालं होतं.

*

बिडीचं तर विचारूच नका. गंगाराम नाक्यावर जाऊन ओढायचा. परत आला की वहिनी त्याला दारात थांबवून खिसे तपासायच्या, मिलच्या गेटवर सुटताना झडती घ्यायचे तशी. बिडी नको, माचीस नको. बिचारा निमूट हात वर करून उभा राहायचा.

आणि एक दिवस चादर बदलताना बिडी सापडली कुठे? भाऊंच्या उशीखाली!

वहिनी मटकन खालीच बसल्या. भाऊ ओशाळले.

"ओढूक नाय गो. नुसतो वास घेतंय."

आम्ही हसलो. वहिनी हसल्या नाहीत, पदर तोंडाला लावून रडल्या. मलाही मग हसल्याची लाज वाटली.

*

मशीनवर काचेची एक नळी असते, आत गोळी. बटण फिरवलं की गोळी वरखाली होते. डॉक्टरांनी ती दोनवर ठेवली होती. "दम लागला तरी हात लावायचा नाही. मला फोन करायचा."

दुपारी गंगाराम भाऊंजवळ बसायचा. एक दिवस भाऊ संडासाला जाऊन आले आणि त्यांना असा दम लागला की ओठ काळे पडले. वहिनी माझ्याकडे भात लावत होत्या. गंगारामला बघवेना. त्याने गोळी पाचवर नेली.

भाऊ शांत झाले. डोळा लागला. गंगाराम आनंदाने सांगायला आला, "झोपले बघा, लेकरागत!"

चार वाजले तरी भाऊ उठेनात. हलवलं, हाका मारल्या, काही नाही. अॅम्ब्युलन्स आणली. डॉक्टर संतापले. "अशा छातीला जास्त ऑक्सिजन दिला की माणूस गुंगीत जातो! कुणी वाढवला?"

गंगारामने शाळेतल्या पोरासारखा हात वर केला.

भाऊ तीन आठवडे त्याच वॉर्डात होते. गंगारामने बाकड्यावर येणं सोडलं. माझ्याशीही बोलेना.

*

भाऊ घरी आले. रोज विचारायचे, "गंगाराम खंय?" आम्ही काहीतरी सांगून वेळ मारून न्यायचो.

त्यांची नळी उंबऱ्यापर्यंतच पुरायची. गंगारामची खोली तिथून सहा दारं पुढे. एका सकाळी बघतो तर भाऊ नळी काढून, भिंत धरून निघालेले! मी धावलो. तोवर त्यांनी गंगारामचं दार ठोकलं होतं. दार उघडलं, पण भाऊंच्या तोंडून शब्द निघेना. गंगारामने त्यांना उचललं, खोलीत आणून निजवलं, नाकात नळी दिली आणि मान खाली घालून निघाला.

"थांब," भाऊ म्हणाले. पुढचं बोलायला त्यांना पाच मिनिटं लागली. "बटणाला हात लावायची बंदी आहे तुला. बसायची नाही."

गंगाराम बसला. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा रोज यायला लागला.

आठवड्याने सकाळीच भाऊंचा श्वास वर लागला. मी गॅलरीत जाऊन डॉक्टरांना फोन केला. "निघालोच. दोनवरच असू दे," ते म्हणाले. मी आत वहिनींना आणि गंगारामला ओरडून सांगितलं आणि डॉक्टरांना रस्ता दाखवायला खाली पळालो.

डॉक्टरांना घेऊन वर आलो, तोवर भाऊ गेले होते. आपल्या खोलीत, आपल्या खाटेवर. वहिनी त्यांचे पाय धरून बसल्या होत्या. मशीन चालू होतं, गोळी दोनवर.

गंगाराम शेजारी स्टुलावर बसला होता, दोन्ही हात मांड्यांखाली घट्ट दाबून.