कालच्यावर आजची तारीख

आमच्या कार्यालयातले जोगळेकर सकाळी खुर्चीत टेकतात, संगणकावर एक बटण दाबतात आणि हात झटकतात. त्यांनी मॅक्रो लिहिलाय. तो कालचा हजेरीचा तक्ता उचलतो, आजच्या पानावर डकवतो आणि तारीख तेवढी बदलतो. बाकीचे बदल हाताने करायचे असं ठरलं होतं, पण ते करतो कोण? उलट सगळे त्यांच्या खुर्चीभोवती जमून वाहवा करतात. मला किळस येते. कालचा दिवस उचलून आजच्या दिवसावर डकवायला या मंडळींना मॅक्रो कशाला हवा? जन्मभर दुसरं केलंय काय यांनी? निदान यंत्र तारीख तरी न विसरता बदलतं.

काल मी तो तक्ता सहज वाचला. त्यात मोठे साहेब रजेवर होते. साहेब तर कधीच परतलेत, समोरच्या केबिनमध्ये बसतात आणि रोज याच तक्त्याखाली सही करतात. मी जोगळेकरांना ते दाखवलं. त्यांनी सही निरखून पाहिली आणि माझी कीव आल्यासारखे म्हणाले, “अहो, खुद्द साहेबांनी सही केलीय ना? मग असतील रजेवर.”